जुन्या वायरलेसमधला आर्मस्ट्राँग

आर्मस्ट्राँग म्हटलं की आपल्याला दोघं आठवतात. एक चंद्रावर उतरलेला नील आणि दुसरा ट्रम्पेट वाजवणारा लुई. आज ज्याच्याबद्दल सांगायचंय तो तिसरा, एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. नाव ओळखीचं नसेल, पण त्याचं काम तुमच्या कानावर नक्की पडलेलं आहे. रिक्षात, गाडीत, हॉस्टेलच्या मेसमध्ये जे एफएम वाजतं ते याच माणसाच्या डोक्यातून आलं.

पण त्याची गोष्ट एखाद्या एफएम स्टेशनपासून नको, भंगारातल्या एका डब्यापासून सुरू करू.

1960 च्या आसपास अमेरिकेत टॅक्सी कंपन्या, पोलिस खाती, ट्रकवाले यांनी आपले जुने वायरलेस सेट मोठ्या संख्येने काढून टाकले. सेट बिघडले नव्हते, नियम बदलला होता. रेडिओ लहरींचं वाटप करणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाने ठरवलं, की प्रत्येकाने आता कमी जागेत बोलायचं, म्हणजे तेवढ्याच लहरींमध्ये जास्त लोकांना चॅनेल देता येतील. जुने सेट जास्त जागा खायचे, त्यामुळे ते बाद झाले.

हे सेट हॅम लोकांनी किरकोळ भावात उचलले. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन, कमाईसाठी नाही तर निव्वळ हौसेसाठी रेडिओवर बोलणारी मंडळी. त्यांनी ते डबे उघडले, आत थोडीफार उलथापालथ केली आणि टॅक्सीचा सेट स्वतःच्या बँडवर बोलता केला.

त्या डब्याचं झाकण उघडलं की आत तीन मोठ्या कल्पना काम करताना दिसतात. तिन्हींवर एकाच माणसाचा हात आहे. आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, तिन्हींसाठी त्याला भांडावं लागलं.

माळ्यावरची खोली

आर्मस्ट्राँगचा जन्म 18 डिसेंबर 1890 चा, न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत, आई शिक्षिका. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला. जीव वाचला, पण खांद्याला आणि जबड्याला अचानक झटका बसायची खोड आयुष्यभर राहिली. काही काळ शाळाही सुटली. मुलगा एकटा राहायला शिकला.

पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेलं. घराच्या माळ्यावरची खोली त्याला मिळाली आणि तिची लॅब झाली. तो काळ मार्कोनीचा. अटलांटिक समुद्रापलीकडे बिनतारी संदेश गेल्याची बातमी ताजी होती. आपण संशोधक व्हायचं हे या पोराने चौदाव्या वर्षीच पक्कं केलं होतं. कमजोर संदेश पकडायला उंच एरियल हवं, म्हणून त्याने अंगणात जवळपास 125 फूट उंचीचा खांब उभा केला. दोरीला बांधलेल्या फळीवर बसून तो स्वतः वर जायचा. उंचीची भीती त्याला कधी वाटली नाही.

म्हणजे बघा, रेडिओतली त्याची सुरुवात हॅमसारखीच झाली. ना कंपनी, ना पगार, ना कोणी सांगितलेलं काम.

कुईंऽऽ मधली जादू

1909 मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात इंजिनीअरिंगला गेला. घर ते कॉलेज अपडाउन लाल रंगाच्या इंडियन मोटरसायकलवरून. तिथले मायकेल प्युपिन हे मोठे प्राध्यापक होते आणि त्यांनी या मुलाला सांभाळून घेतलं.

त्या वेळी ली डी फॉरेस्ट या संशोधकाने बनवलेला ऑडिऑन नावाचा काचेचा व्हॉल्व्ह बाजारात होता. तो सिग्नल थोडाफार मोठा करायचा, पण नेमका कसा, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. आर्मस्ट्राँगने त्याचं मोजमाप केलं. 1912 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याला सुचलं, की व्हॉल्व्हमधून मोठा होऊन बाहेर पडणारा सिग्नल परत त्याच व्हॉल्व्हच्या तोंडाशी आणून सोडला तर? मोठा झालेला सिग्नल पुन्हा मोठा होणार, मग पुन्हा. प्रयोग केला आणि लांबची स्टेशन्स हेडफोन टेबलावर ठेवूनही ऐकू यायला लागली. याला रीजनरेशन म्हणतात.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माइक स्पीकरसमोर गेला की जो कुईंऽऽ आवाज येतो, तो याच तत्त्वाचा चुलतभाऊ. तिथे आवाज फिरून फिरून माइकमध्ये येतो आणि सिस्टिम स्वतःच ओरडायला लागते. आर्मस्ट्राँगच्या लक्षात आलं, की त्याची वायरिंगही एका मर्यादेपलीकडे नेली तर व्हॉल्व्ह स्वतःहून एकसारख्या लहरी तयार करतो. म्हणजे तोच व्हॉल्व्ह रिसीव्हरही झाला आणि ट्रान्समीटरही. आपल्या त्या टॅक्सीच्या डब्यात लहर जिथे जन्माला येते, तो ऑसिलेटर याच विचाराचा वारस.

पेटंटसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले. वडील म्हणाले, आधी डिग्री पूर्ण कर. (हा डायलॉग कुठल्याही देशात, कुठल्याही शतकात चालतो!) मग त्याने निदान तारीख पक्की व्हावी म्हणून सर्किटचं चित्र काढून त्यावर नोटरीचा शिक्का घेतला. ती तारीख होती 31 जानेवारी 1913. तेवढी लक्षात ठेवा. पेटंटचा अर्ज गेला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आणि 1914 मध्ये पेटंट मिळालं.

एकच खिडकी

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि आर्मस्ट्राँग लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन होऊन पॅरिसला गेला. नंतर मेजर झाला आणि जन्मभर लोक त्याला मेजरच म्हणत राहिले.

अडचण अशी होती, की जास्त फ्रिक्वेन्सीचे सिग्नल त्या काळच्या व्हॉल्व्हना नीट मोठे करता येत नव्हते. 1918 मध्ये त्याने यावर उपाय काढला. बाहेरून येणारी लहर आणि सेटच्या आतच तयार केलेली दुसरी लहर एकमेकींत मिसळायच्या. त्यातून दोन्हींच्या फरकाइतकी तिसरी, कमी फ्रिक्वेन्सीची लहर मिळते. आता मोठं करायचं काम या एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर करायचं.

ॲडमिशनच्या वेळी वेगवेगळ्या गावांहून आलेल्या सगळ्यांना एकाच खिडकीवर आणलं, की त्या खिडकीवरचा क्लार्क कामात तरबेज होतो. तसंच हे. स्टेशन कुठलंही असो, आत आलं की त्याची फ्रिक्वेन्सी एकच. या पद्धतीचं नाव सुपरहेटरोडाइन. जवळपास त्याच काळात फ्रान्समधल्या ल्युसियाँ लेव्ही यानेही ही वाट शोधली होती आणि पुढे पेटंटच्या वादात आर्मस्ट्राँगचे दावे टिकले नाहीत. तरी रेडिओच्या जगात ही पद्धत रुजवली ती आर्मस्ट्राँगनेच. पुढची कित्येक दशकं घराघरातले रेडिओ आणि टीव्ही याच तत्त्वावर चालले.

युद्धानंतर पैसा आला. 1920 मध्ये वेस्टिंगहाउसने त्याची पेटंट्स घेतली, 1922 मध्ये त्याच्या आणखी एका शोधासाठी आरसीए या रेडिओ कंपनीने रोख रक्कम आणि शेअर्सचा मोठा गठ्ठा दिला. तिशीतच माणूस श्रीमंत झाला. पण हॅम दोस्त सुटले नाहीत. डिसेंबर 1921 मध्ये त्याने आणि रेडिओ क्लब ऑफ अमेरिकाच्या मित्रांनी कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच इथे 1बीसीजी नावाचं हौशी स्टेशन उभारलं. तिथून सुटलेले संदेश अटलांटिकपलीकडे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसन इथे, तंबूत बसलेल्या पॉल गॉडली या हॅमने पकडले. त्याच्या हाताशी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर होता.

1923 मध्ये त्याने मॅरियन मॅकइनिसशी लग्न केलं. ती आरसीएचा बडा अधिकारी डेव्हिड सार्नॉफ याची सेक्रेटरी. तिच्यासाठी लग्नाची भेट म्हणून त्याने उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ बनवला. हनिमूनला दोघं तो घेऊन समुद्रकिनारी गेले. त्याच वर्षी हा गडी आरसीएच्या न्यूयॉर्कमधल्या टॉवरच्या टोकावर चढून बसला होता आणि सार्नॉफ भडकला होता. या दोघांची दोस्ती आणि दुश्मनी, दोन्ही पुढे फार मोठ्या होणार होत्या.

मेडल परत करायला गेलेला माणूस

रीजनरेशन आपणच आधी शोधलं, असा डी फॉरेस्टचा दावा होता. हा खटला जवळपास वीस वर्षं चालला. 1934 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. रेडिओ इंजिनीअर मंडळींना तो पटला नाही, पण कायद्याच्या दृष्टीने विषय संपला.

याच शोधासाठी रेडिओ इंजिनीअर्सच्या संस्थेने आर्मस्ट्राँगला पूर्वी मेडल ऑफ ऑनर दिलं होतं. निकालानंतर तो ते परत करायला संस्थेच्या फिलाडेल्फियातल्या अधिवेशनात गेला. कोर्टच म्हणतंय शोध माझा नाही, तर मेडल ठेवू कशाला? संस्थेने ते परत घ्यायला नकार दिला. जमलेले इंजिनीअर त्याच्या बाजूने उभे राहिले. कोर्टात हरलेला माणूस स्वतःच्या बिरादरीत मात्र जिंकला.

धुक्यातला टॉर्च

खटले चालू असतानाच तो एका जुन्या दुखण्याच्या मागे लागला होता. ते दुखणं म्हणजे खरखर. त्या वेळचा सगळा रेडिओ एएमवर चालायचा. एएममध्ये आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त होते. पण वीज चमकली, मोटार सुरू झाली, कुठे ठिणगी उडाली, की तीही ताकदच कमी-जास्त करते. रेडिओला बिचाऱ्याला यातलं गाणं कुठलं आणि वीज कुठली, हे कळणार कसं?

समजा, दाट धुक्यात तुम्ही लांबच्या मित्राला टॉर्चने खुणा करताय. प्रकाश कमी-जास्त करून खूण केली तर धुकं घोटाळा करणार. पण टॉर्च डावी-उजवीकडे हलवला तर? प्रकाश कितीही मंद झाला तरी तो कुठे सरकतोय हे दिसतं. आणि हात जितका लांब फिरवाल तितकी खूण स्पष्ट. एफएम म्हणजे हेच. लहरीची ताकद तीच ठेवायची आणि आवाजाप्रमाणे तिची फ्रिक्वेन्सी हलवायची. रिसीव्हरमध्ये ताकदीतले चढउतार छाटून टाकायचे, म्हणजे त्यांच्यासोबत खरखरही बरीचशी जाते.

एफएमची कल्पना आधीपासून होती, पण जाणकारांनी ती मोडीत काढली होती. सगळ्यांचा भर चॅनेल अरुंद करण्यावर. जॉन कार्सन या गणितज्ञाने 1922 मध्ये कागदावर मांडून दाखवलं होतं, की एफएमने काही फायदा नाही. आर्मस्ट्राँगने उलटी दिशा धरली. हात लांब फिरवा! एएम स्टेशनला 10 किलोहर्ट्झ जागा लागायची, तर त्याच्या एफएमने 200 किलोहर्ट्झ घेतली. 26 डिसेंबर 1933 ला त्याला एफएमची पेटंट्स मिळाली.

आरसीएने एम्पायर स्टेट बिल्डिंगमधली आपली जागा चाचण्यांसाठी दिली आणि 1934 मध्ये प्रयोग झाले. आवाज लख्ख आला. पण आरसीएची सगळी कमाई एएमवर होती आणि त्यांना पुढे टेलिव्हिजन आणायचा होता. 1935 मध्ये त्यांनी आर्मस्ट्राँगला सामान हलवायला सांगितलं.

मग त्याला जागा कोणी दिली? एका हॅमने. 5 नोव्हेंबर 1935 ला न्यूयॉर्कमध्ये इंजिनीअर्सच्या सभेत त्याने एफएम जाहीरपणे दाखवलं. सभेतल्या लोकांनी जे ऐकलं ते येत होतं याँकर्समधल्या त्याच्या जुन्या मित्राच्या, कारमन रनियनच्या घरातून. रनियनचं हौशी स्टेशन, कॉलसाइन डब्ल्यू2एजी. ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज पाण्यासारखा आला, कागद फाडला तर कागद फाडल्यासारखा. एएमवर हे शक्यच नव्हतं. एफएमचा हा जगजाहीर पहिला प्रयोग हॅमच्या घरातून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गाडीत चढलेलं एफएम

संगीतासाठी शोधलेलं एफएम धावत्या गाड्यांमध्येही कामाला आलं. गाडीच्या इंजिनात सतत ठिणग्या पडतात, त्यामुळे एएम सेटवर बोलणं म्हणजे छळ. 1940 मध्ये डॅनियल नोबल या प्राध्यापकाच्या आराखड्यावर कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी राज्यभर दुतर्फा एफएम वायरलेस बसवला. नोबल लगेच पुढे गॅल्व्हिन कंपनीत गेला. हीच कंपनी नंतर मोटोरोला म्हणून ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पाठीवरचा या कंपनीचा वॉकी-टॉकी एफएमवर चालायचा, अमेरिकन रणगाड्यांमधले सेटही. युद्धाच्या काळात आर्मस्ट्राँगने आपली एफएम पेटंट्स लष्कराला रॉयल्टी न घेता वापरू दिली.

युद्ध संपता संपता मात्र घाव बसला. तोवर एफएम स्टेशन्स 42 ते 50 मेगाहर्ट्झमध्ये चालत होती. स्वतःच्या पैशाने त्याने न्यू जर्सीतल्या अल्पाइन इथे चारशे फुटांहून उंच टॉवर बांधून स्टेशन सुरू केलं होतं. 1945 मध्ये एफसीसीने एफएमला तिथून उचललं आणि 88 ते 108 मध्ये टाकलं. लोकांच्या घरातले काही लाख एफएम रेडिओ एका निर्णयाने जुने झाले. भारतात एफएम आलं 1977 मध्ये, मद्रासला, आणि आजही आपलं प्रत्येक स्टेशन 88 ते 108 च्या मधलंच असतं. तो आकडा आर्मस्ट्राँगच्या मनाविरुद्ध ठरलेला आहे.

तीच तारीख

1940 मध्ये आरसीएने त्याला एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले होते, पुन्हा रॉयल्टी मागायची नाही या अटीवर. बाकीच्या कंपन्या नियमित रॉयल्टी देत होत्या. मोठ्याला वेगळा न्याय कशाला, म्हणून त्याने नाही म्हटलं. 1948 मध्ये त्याने आरसीएवर खटला भरला. कंपनीकडे वकील आणि वेळ, दोन्ही भरपूर. त्याच्या पेटंट्सची मुदत मात्र 1950 मध्ये संपत होती. तारखांवर तारखा पडत राहिल्या, पैसा आटत गेला, घरातही ताण आला. 1953 च्या अखेरीला मॅरियन घर सोडून बहिणीकडे राहायला गेली.

31 जानेवारी 1954 च्या रात्री, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आर्मस्ट्राँगने आपलं आयुष्य संपवलं. सर्किटच्या चित्रावर नोटरीचा शिक्का बसला त्याला त्या दिवशी बरोबर 41 वर्षं झाली होती. (असं एकटं पडल्यासारखं कधी वाटलं तर कुणाशी तरी बोला. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.)

इथे गोष्ट संपली असती, पण मॅरियन संपू देणार नव्हती. आरसीएशी तिने त्याच वर्षी सुमारे दहा लाख डॉलरवर तडजोड केली आणि ते बळ घेऊन बाकीच्या कंपन्यांविरुद्धचे खटले पुढे चालवले. एकेक करत सगळे सुटले. शेवटची कंपनी होती मोटोरोला. 1967 मध्ये तोही निकाल आर्मस्ट्राँगच्या बाजूने लागला. त्याला जाऊन तेरा वर्षं झाली होती.

डबा उघडूया

आणि ह्याच 1960 च्या दशकात हॅम लोक घरी काय आणत होते? जुने मोटोरोला सेट! 80डी हे त्यातलं गाजलेलं मॉडेल. जनरल इलेक्ट्रिकचे, आरसीएचेही सेट असायचे. आता हे रूपांतर कसं करायचे ते बघू, म्हणजे आर्मस्ट्राँग त्यात कुठे कुठे बसलाय ते कळेल.

सेट गाडीच्या डिकीत बसायचा, डॅशबोर्डवर फक्त माइक, स्पीकर आणि बटणं. बॅटरीच्या 6 किंवा 12 व्होल्टवरून आत शेकडो व्होल्ट तयार व्हायचे. घरी वापरायचा तर आधी मेन्सवर चालणारा पॉवर सप्लाय हवा. सेट बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो दाब काही वेळ टिकून राहतो, त्यामुळे हात घालण्याआधी तो उतरवणं हा पहिला धडा.

मग क्रिस्टल. या सेटना फिरवायचं बटण नसतं. फ्रिक्वेन्सी ठरते क्वार्ट्झच्या चकतीवर. टॅक्सीचे चॅनेल साधारण 150 मेगाहर्ट्झच्या वर, अमेरिकेतल्या हॅमचा दोन मीटर बँड 144 ते 148. अगदी शेजारची खोली! 146.94 हा तिथला गजबजलेला चॅनेल. समजा ट्रान्समीटर क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी 24 पट करत असेल, तर 146.94 भागिले 24, म्हणजे 6.1225 मेगाहर्ट्झचं क्रिस्टल मागवायचं. ही पटीची भानगड कशाला? कारण आर्मस्ट्राँगचीच युक्ती. क्रिस्टलची लहर पक्की असते, ती फार हलवता येत नाही. म्हणून आधी तिला अगदी थोडंसं हलवायचं आणि मग फ्रिक्वेन्सी वाढवत न्यायची. फ्रिक्वेन्सीबरोबर ते हलणंही तेवढ्याच पटीने वाढतं.

रिसीव्हरचं क्रिस्टल वेगळं. ते बाहेरच्या लहरीत मिसळायची आतली लहर ठरवतं, म्हणजे सुपरहेटरोडाइनची एकच खिडकी. त्यासाठी हव्या त्या फ्रिक्वेन्सीतून सेटची आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी वजा करून हिशेब करायचा.

तिसरं काम संयमाचं. प्रत्येक टप्प्यावरच्या कॉइल आणि ट्रिमर नव्या फ्रिक्वेन्सीवर आणायचे. टेस्ट पॉइंटला मीटर लावायचं आणि स्क्रू हळूहळू फिरवत काटा सगळ्यात वर कुठे जातो ते बघायचं. फ्रिक्वेन्सी खाली आणायची असल्याने काही कॉइल तिथवर पोचत नाहीत. मग वेढे थोडे जवळ दाबायचे किंवा छोटा कॅपॅसिटर जोडायचा. पहिला टप्पा जमला की दुसरा, मग तिसरा. शेवटी सुमारे अर्ध्या मीटरचा एरियल लावायचा आणि माइकचं बटण दाबायचं.

नियम बदलला म्हणून बाद झालेला सेट परत बोलायला लागतो. आर्मस्ट्राँगच्या घरात शोभून दिसलं असतं असं हे काम.

आपल्याकडे हे करायचं तर आधी लायसन्स. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यातली डब्ल्यूपीसी ही शाखा हौशी रेडिओची परीक्षा घेते आणि वयाची अट फक्त बारा वर्षं पूर्ण. भारतात दोन मीटर बँड 144 ते 146 मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे 146.94 इथे चालणार नाही, हिशेब नव्याने करावा लागेल. लायसन्सशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहे, मग सेट कितीही साधा असो.

नुसतं बघायला मात्र परीक्षा लागत नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अँटिनाचं भोक असलेला जड, धूळ खाल्लेला लोखंडी डबा दिसला, तर दुकानदाराला विचारून झाकण उघडा. लहर तयार करणारा ऑसिलेटर शोधा, तिला मिसळणारा मिक्सर शोधा, खरखर छाटणारा लिमिटर शोधा. डब्यावर नाव कंपनीचं असेल. आतला पत्ता कुणाचा आहे, ते आता तुम्हाला माहीत आहे.